यासावा बेटं (फिजी), शिडाच्या बोटीची ट्रिप : बोट ठीकठाक, पण गावात नेण्याची पद्धत एक नंबर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू बोटीचा कमी आणि बोटवाले आपल्याला बेटावरच्या गावात कसे घेऊन जातात त्याचा जास्त आहे, कारण फिजीहून आल्यापासून नागपुरातले ओळखीचे सगळे मला एकच विचारून राहिले, की रिसॉर्ट घ्यायचं का बोट, आणि बोट घ्यायची तर कोणती. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, या धंद्यात बोट तीच राहते पण कप्तान आणि माणसं बदलत राहतात आणि सगळा फरक माणसांनीच पडतो, त्यामुळे नाव वाचून बुकिंग करण्यापेक्षा काय विचारून बुकिंग करायचं ते जास्त कामाचं आहे, तेच लिहिते.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, कॉलेजातली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीला आलेल्या, गुडघे दुखतात, पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूण चालतं पण अंडंसुद्धा नाही. आपण नागपूरचे, चारही बाजूंनी समुद्र दूर, पाण्यावरचं फिरणं म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी, त्यामुळे आईंना शिडाच्या बोटीवर न्यायचं म्हटल्यावर धरमपेठेतल्या आमच्या सगळ्या नातेवाईकांनी फोन करून विचारलं, काहून नेऊन राहिले त्यांना. आई स्वतः म्हणाल्या मी येते, विषय संपला.

बोट साधारण पन्नास फुटांची, दोन शिडं, खाली तीन केबिन. क्रू तीन जणांचा. कप्तान मूळचा न्यूझीलंडचा पण आता फिजीतच घर करून राहिलेला. त्याच्या हाताखाली यासावातल्याच एका गावचा पंचविशीतला पोरगा, दोऱ्या ओढणं, नांगर टाकणं, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) चालवणं सगळं तोच करायचा. आणि स्वयंपाकी, फिजीचाच पण गिरमिटियांच्या घरातला. १८७९ मध्ये लिओनिडास नावाचं जहाज कलकत्त्याहून पहिले मजूर घेऊन फिजीला गेलं आणि १९१६ पर्यंत अशी साठ हजारावर माणसं ऊसाच्या शेतात कामाला नेली, त्यांच्यातल्याच एका कुटुंबाचा हा. त्याची हिंदी आपल्याला दोन दिवसांत पूर्ण समजायला लागते, आणि आईंना तर पहिल्या जेवणापासून तो आजी म्हणायला लागला, मग भाजीत काय घालायचं काय नाही हे दोघं मिळून ठरवायचे.

आता जागेबद्दल थोडं. फिजी म्हणजे तीनशेच्या वर बेटं, वस्ती त्यातल्या शंभरेकांवरच. यासावा ही वायव्येकडची ओळ, वीसेक बेटं, ज्वालामुखीतून झालेली, वर उभे कडे आणि खाली पांढरी वाळू. इथे १९८७ पर्यंत बाहेरच्या टुरिस्टला बेटावर राहायला परवानगीच नव्हती, त्याआधी काही क्रूझ बोटी यायच्या पण पॅसेंजरनी झोपायला बोटीवरच परत जायचं असा नियम. म्हणूनच असेल, रिसॉर्ट आता बरेच झाले तरी गावं अजून गावांसारखी राहिली आहेत, टुरिस्टसाठी मांडलेली वाटत नाहीत. नांदी शहराला लागून देनाराउ बंदर आहे, तिथून रोज सकाळी एक पिवळी मोठी फास्ट बोट सुटते आणि एकेका रिसॉर्टसमोर लोकांना उतरवत वरपर्यंत जाते. ती सोय खरंच चांगली आहे, ज्यांना बोटीवर झोपायचं नाही त्यांनी तीच घ्यावी. पण त्या रस्त्याने गेलं की आपण रिसॉर्टचे पाहुणे होतो, आणि गाव बघायचं तर रिसॉर्ट ठरवून देईल त्या वेळेला, त्या दिवशीच्या सगळ्या लोकांबरोबर. शिडाच्या बोटीने गेलं की तुम्ही थेट गावासमोर येऊन उभे राहता, मध्ये कोणी नसतं, आणि मग गाव तुम्हाला कसं घेतं हे तुमचा कप्तान कसा वागतो त्यावर असतं.

आमच्या कप्तानाने निघायच्या आदल्या दिवशी आम्हाला नांदीच्या मार्केटमध्ये नेलं. तिथे यांगोनाच्या मुळ्यांच्या जुड्या विकायला ठेवलेल्या असतात, रांगच्या रांग. यांगोना म्हणजे ज्याला बाहेर कावा म्हणतात ते, मिरीच्या कुळातलं झाड, त्याची मुळं वाळवतात, कुटतात आणि पाण्यात कालवून पितात. बेटावरच्या गावात पाहुणा म्हणून जायचं असेल तर ही मुळं घेऊन जायची आणि गावच्या मोठ्या माणसासमोर ठेवून परवानगी मागायची, याला सेवूसेवू म्हणतात. कुटलेली पावडर स्वस्त आणि सुटसुटीत मिळते, नवऱ्याने तीच उचलली होती, तर यासावाचा पोरगा म्हणाला तशी नको, अख्खी मुळं द्यायची, तोच मान. मग प्रत्येक गावाची वेगळी जुडी घेतली, अर्धा-अर्धा किलोच्या आसपास, कागदात गुंडाळून बांधून. याचे पैसे आम्ही दिले, ट्रिपच्या पैशात ते धरलेले नव्हते, आणि मला ते बरोबरच वाटलं कारण पाहुणे आम्ही, भेट आमची.

पहिला मुक्काम वाया नावाच्या बेटाजवळ. नांगर पडला, पाणी असं की खाली साखळी कुठे पडली ते दिसून राहिलं, आणि मुलगी लगेच पोहायच्या कपड्यात तयार. कप्तानाने हात आडवा केला. आधी गाव, मग पाणी. फिजीतली पंच्याऐंशी टक्क्यांवर जमीन मूळ फिजियन लोकांच्या, म्हणजे इताउकेई कुळांच्या सामाईक मालकीची आहे, विकता येत नाही, आणि गावासमोरच्या रीफमध्ये, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकांत, मासेमारीचा हक्कही रिवाजाने त्या त्या गावाचाच चालत आला आहे. नकाशावर आपल्याला तो मोकळा बीच दिसतो, प्रत्यक्षात तिथे हातभर जागेलासुद्धा मालक आहेत आणि त्यांना विचारूनच उतरायचं असतं. सरकारचा कागद असला तरीही, म्हणजे परदेशी यॉटला बाहेरच्या बेटांवर जायला क्रूझिंग परमिट लागतं, ते खिशात असलं तरी गावात विचारायचं ते विचारायचंच.

मग कपडे. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, पुरुषांनीसुद्धा. कमरेला गुंडाळायचा सुलू बोटीवर सगळ्यांसाठी ठेवलेला होता. टोपी नाही, डोक्यावर चढवलेला गॉगल नाही, बॅग खांद्याला न लावता हातात धरायची. आई साडीतच होत्या त्यामुळे त्यांना काही बदलावं लागलं नाही. डिंगीतून किनाऱ्याला गेलो तर सरपंचासारखे जे असतात, तुरांगा नी कोरो, ते येऊन उभे होते, त्यांनी घराकडे नेलं. चपला बाहेर, आत सगळीकडे विणलेल्या चटया, सगळे खाली बसलेले. पुरुष मांडी घालून, बायका पाय एका बाजूला वळवून. आईंना खाली बसता येत नाही हे कप्तानाने आधीच कोणाला तरी सांगून ठेवलं होतं, कारण आम्ही पोचलो तेव्हा भिंतीला टेकून एक ठोकळा आणि त्यावर दुमडलेली चटई तयार होती. हे मला फार आवडलं, मोठं काही नाही पण कोणीतरी विचार केलेला होता.

यासावाचा पोरगा पुढे सरकून बसला, मुळ्यांची जुडी चटईवर समोर ठेवली (हातात द्यायची नसते, समोर ठेवायची) आणि खाली मान घालून फिजियनमध्ये बोलायला लागला. बोटीवर दिवसभर हसणारा, टिवल्याबावल्या करणारा पोरगा एकदम वेगळा माणूस झाला, आवाज खालचा, शब्द मोजून. आम्ही कोण, कुठून आलो, किती लांबून, घरात कोण वडीलधारं बरोबर आहे, कशासाठी आलो, सगळं तो आमच्या वतीने सांगत होता. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ऐकून घेतलं, जुडीला हात लावला, मग त्यांचं बोलणं, तेही तितकंच सावकाश, मध्ये मध्ये बाकीच्यांच्या टाळ्या, तळवे पोकळ ठेवून वाजवलेल्या, घुमणारा आवाज येतो त्याचा. जुडी घेतली गेली म्हणजे आपण गावाने घेतले गेलो. तिथून पुढे गावात आहोत तोवर आपली काळजी गावाकडे.

मग मोठ्या लाकडी भांड्यात, तानोआ त्याचं नाव, यांगोना कालवली आणि नारळाच्या करवंटीतून एकेकाला आणून दिली. एक टाळी, बुला म्हणायचं, एका दमात प्यायची, मग तीन टाळ्या. चव मातीसारखी, ओठ आणि जीभ थोडा वेळ बधिर. कमी हवी असेल तर लो टाइड म्हणा, अर्धीच भरून देतात आणि कोणाला वाईट वाटत नाही. आईंच्या गोळ्या चालू असतात म्हणून कप्तानाने त्यांच्यासाठी आधीच बोलून ठेवलं होतं, त्यांना शहाळं दिलं. ज्यांना लिव्हरचा त्रास आहे किंवा रोजची औषधं चालू आहेत त्यांनी हे निघायच्या आधी डॉक्टरला विचारून जा, आणि कावाबरोबर दारू तर अजिबात नाही.

परत येताना डिंगीत आई म्हणाल्या, हे आपल्या सीमांतपूजनासारखंच आहे, वऱ्हाड गावाच्या वेशीवर थांबतं आणि गाव त्यांना मानाने आत घेतं, तोवर कोणी घुसत नाही. मला त्यांचं म्हणणं एकदम पटलं. जो थांबतो त्यालाच आत घेता येतं ना, घुसलेल्याचं स्वागत कोण कसं करणार.

दुसऱ्या दिवशी मुलगी पोहली, नवरा रीफवर मास्क लावून गेला, आणि मी आणि आई गावात. बायका चटया विणत बसल्या होत्या. केवड्याच्या कुळातल्या झाडाची लांब पानं, काटे काढून उकळून वाळवलेली, मग बारीक पट्ट्या करून विणायच्या. आईंनी हात पुढे केला तर एकीने आपल्या हातातलं विणकाम त्यांच्यापुढे सरकवलं, बोटं धरून कुठली पट्टी वर कुठली खाली ते दाखवलं, भाषा एक शब्द सारखी नाही, तरी तासभर दोघी काम करून राहिल्या. त्यांना आईंची साडी फार आवडली, नेसतात कशी ते विचारलं, मग आईंनी एका काकूंना सुलूवरूनच निऱ्या घालून दाखवल्या आणि सगळ्या जणी जमल्या. शाळेत पण नेलं. मुलीने सीताबर्डीवरून वह्या आणि पेनं घेतली होती, ती आम्ही शाळेच्या बाईंच्या हातात दिली. मुलांना हातोहात चॉकलेटं, पैसे वाटू नका असं कप्तानाने बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवलं होतं, आणि ते मी इथे परत लिहिते कारण आपले लोक पटकन वाटायला लागतात, मन चांगलं असतं पण त्याने मुलं पुढच्या बोटीमागे धावायला लागतात.

आता दुसऱ्या गावाची गोष्ट, माझ्या मते ट्रिपचा खरा रिव्ह्यू इथेच आहे. नाविती बेटाच्या बाजूला दुपारी पोचलो, यासावाचा पोरगा एकटाच डिंगीने जाऊन आला आणि म्हणाला गावचे मोठे बाहेर गेले आहेत, संध्याकाळी येतील, तेव्हा या. म्हणजे तोवर बोटीवरच. ऊन कडक, पाणी समोर निळंशार, आणि कोणी उतरायचं नाही. कप्तानाने काही जुळवाजुळव केली नाही, कोणाला फोन लावला नाही, सरळ ताडपत्री बांधली, स्वयंपाक्याने भजी तळली, बसलो. तेवढ्यात दुसरी एक भाड्याची बोट आली, त्यावरचे लोक नांगर टाकून सरळ बीचवर, टॉवेल पसरले, गाणी लावली, ड्रोनसुद्धा उडवला. गावातलं कोणी त्यांना काही बोललं नाही. पण कोणी जवळही आलं नाही, मुलं लांबून बघत उभी राहिली आणि मग आपापल्या घरी गेली. तासा-दोन तासांत ती बोट निघून गेली, त्यांनी एक सुंदर बीच पाहिला आणि फोटो काढले असतील. संध्याकाळी आम्ही गेलो, बसलो, बोलणं झालं, आणि रात्री त्याच मुलांनी माझ्या मुलीला हात धरून नाचायला उभं केलं, गिटार, युकुलेली, चार आवाजांत गाणं, कोणी शिकवलेलं शो म्हणून नाही, रोज जसे बसतात तसे. तीच जागा, तोच दिवस, फक्त एक बोट थांबली आणि एक थांबली नाही.

स्वयंपाक्याने त्या दुपारी सांगितलं की हा नियम फक्त परदेशी लोकांसाठी नाही, तो स्वतः फिजीत जन्मलेला, त्याच्या चार पिढ्या तिथे गेल्या, तरी या गावात येताना तोही तसाच बसतो, आणि दुसऱ्या बेटावरचे इताउकेई लोक आले तरी तेही मुळं घेऊनच येतात. म्हणजे टुरिस्टसाठी बनवलेलं हे काही नाहीये, आपल्याला त्यांच्या रीतीत जागा करून देतात एवढंच.

आणि हे स्वागत आपोआप मिळणारी गोष्ट नाही हे समजायला तिथला एक जुना किस्सा ऐकण्यासारखा आहे. १७८९ मध्ये बाउंटी नावाच्या इंग्रजी जहाजावर खलाशांचं बंड झालं आणि कप्तान ब्लायला अठरा माणसांसकट एका उघड्या होडीत सोडून दिलं, ती होडी घेऊन तो याच पाण्यातून गेला, आणि यासावाजवळ फिजियन लोकांच्या शिडाच्या होड्यांनी त्याचा पाठलाग केला, तो कुठे न थांबता निसटला. या बेटांच्या पूर्वेच्या समुद्राला अजून ब्लाय वॉटर म्हणतात. आमचा पोरगा हे सांगताना आपल्या पूर्वजांच्या होड्यांबद्दल जे अभिमानाने बोलायचा ते ऐकायला पाहिजे. द्रुआ म्हणतात त्यांना, दोन सांगाड्यांच्या, एक मोठा एक लहान, आणि दिशा बदलायची झाली की शीडच पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे न्यायचं. शिडाने येणाऱ्या माणसाबद्दल तिथे एक वेगळी आपुलकी आहे असं मला सारखं जाणवलं, वारा कसा होता, रीफमधून कुठून आलात, हेच म्हातारे लोक पहिल्यांदा विचारायचे.

रविवार यासावात लक्षात ठेवा. बहुतेक गावं मेथॉडिस्ट चर्चची आहेत, रविवारी पोहणं नाही, कामं नाहीत, गाव शांत. आमचा कप्तान रविवारी हललाच नाही, आम्हाला विचारलं चर्चला यायचं का, आम्ही गेलो. गाणं ऐकून मी रडले, खरंच सांगते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण सगळं गाव एकत्र सूर लावतं तेव्हा छाती भरून येते. नंतर जेवायला बोलावलं.

जेवण म्हणजे लोवो. जमिनीत खड्डा, त्यात तापवलेले दगड, त्यावर पानांत गुंडाळलेले कंद, मासे, कोंबडी, वरून पानं आणि माती, दोनेक तास. शाकाहारी लोकांनी काळजी करू नका पण विचारत राहा. अळूचा कंद आहे, कसावा आहे, रताळी, फणसाच्या जातीतलं ब्रेडफ्रूट, पपई, केळी भरपूर. धोप्याची पानं नारळाच्या दुधात शिजवतात, रौरौ म्हणतात, आईंनी दोनदा मागून घेतलं. आपण घसा खाजू नये म्हणून चिंच घालतो, त्या बायका नुसतं खूप वेळ शिजवतात, यावर आईंची आणि स्वयंपाक्याची पुढे बरीच चर्चा झाली. फक्त याच पानांची पालुसामी नावाची पुरचुंडी असते त्यात बरेचदा डब्यातलं मटण-बीफ भरलेलं असतं, न विचारता घेऊ नका. नवऱ्याने आणि मुलीने कोकोंदा खाल्लं, कच्चा मासा लिंबात मुरवून नारळाच्या दुधात, दोघंही अजून त्याच्याबद्दल बोलून राहिले. बोटीवर स्वयंपाक्याची रोटी, डाळ, बटाटा, भेंडी, दुपारी थोडं तेच तेच व्हायचं पण पोट एकदाही बिघडलं नाही.

घरून काय न्यायचं हे खूप जणांनी विचारलं. फिजीचं बायोसिक्युरिटी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या खाण्यापिण्याची तपासणी, फार कडक आहे, ताजी फळं न्यायचीच नाहीत, म्हणजे आपली संत्री नाही, आणि बाकी चिवडा, चटणी, मिठाई जे काही असेल ते अरायव्हल कार्डवर लिहा आणि विचारलं तर काढून दाखवा. दुधाचं काही न नेलेलं बरं. गावाला द्यायला मुळं तिथेच मिळतात, वरून वह्या-पेनं, मासे धरायचे गळ, वाचायचे चष्मे अशा वस्तू कामाच्या. आणि फोटो काढले की प्रिंट पाठवा. कप्तान पुढच्या फेरीला हातोहात नेऊन देतो, आम्ही लक्ष्मीनगरातून प्रिंट काढून त्याच्या नांदीच्या पत्त्यावर पाठवले, त्याने पोचल्याचा निरोप दिला.

आता बोटीच्या तक्रारी, त्या पण नीट लिहिते. केबिन लहान आणि रात्री पाऊस आला की वरच्या खिडक्या बंद कराव्या लागतात मग आत उकडतं, आपल्या मे महिन्यासारखं नाही पण घाम येतो, आम्ही बरेचदा वर डेकवरच झोपलो. टॉयलेट हाताने पंप मारायचं आहे, आईंना सुरुवातीला त्रास झाला. गोडं पाणी मोजून, समुद्रात डुबकी आणि वरून थोडंसं गोडं पाणी एवढीच आंघोळ. बोट शिडाची म्हणून घेतली तरी बेटांच्या आडोशाला वारा पडतो तेव्हा इंजिन लावावंच लागतं, पूर्ण वेळ शिडावर जाऊ असं समजून येऊ नका. बुकिंग करणारा जो मधला एजंट होता त्याची सर्व्हिस मला आवडली नाही, मेलला उत्तर यायला फार वेळ, पैसे भरताना बदललेला रेट, आणि गावात जायचं कसं असतं हे विचारलं तर त्याने विलेज कल्चरल एक्सपिरियन्स इन्क्लूडेड एवढंच लिहून पाठवलं. शेवटी मीच कप्तानाचा थेट नंबर मागून घेतला आणि त्याने अर्धा तास फोनवर सगळं सांगितलं, तिथेच माझं नक्की झालं होतं.

सेफ्टी बरोबर होती. प्रवास ऊन वर आल्यावरच, सकाळी नऊनंतर ते दुपारी तीनपर्यंत, कारण पाण्याखालचे प्रवाळाचे खडक वरून ऊन असलं तरच रंगावरून कळतात, आणि पोरगा पुढच्या टोकाला उभा राहून हाताने दिशा दाखवायचा. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाची. बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या आधी घ्या, लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि खाली केबिनमध्ये बसू नका, मागे बसून लांब क्षितिजाकडे बघा. आईंना एकदाही लागली नाही, मुलीला पहिल्या दिवशी लागली.

बघण्यासारखं बाकी थोडक्यात. नाविती आणि द्रावांगा बेटांमधल्या पट्ट्यात मे ते ऑक्टोबर मांटा रे, म्हणजे पंखांसारखे पसरट मोठे मासे, येतात, पाण्यात उतरून वरून बघायचे, हात लावायचा नाही. सावा-इ-लाऊला चुनखडीच्या गुहा, एका गुहेतून दुसरीत जायला पाण्याखालून छोटी बुडी मारावी लागते. दहा डोक्यांचा देव तिथे विसावला आहे अशी त्यांची कथा आहे, आमच्या आई हे ऐकून एकदम उठून बसल्या आणि त्या पोराला रामटेकपासून लंकेपर्यंत सगळी रामकथा स्वयंपाक्याकरवी सांगितली. गुहा बघायलाही गावात आधी जायचं आणि फी द्यायची असते, ती गावाकडे जाते.

तर मार्क. बोटीला पाचपैकी साडेतीन, जेवणाला चार, एजंटला दीड, कप्तान आणि त्या यासावाच्या पोराला पाचपैकी पाच. बुक करताना बोट किती फुटांची आणि एसी आहे का हे नंतर विचारा. आधी विचारा की गावात सेवूसेवू कोण करतं, क्रूमध्ये त्या बेटांवरचं कोणी आहे का, प्रत्येक गावासाठी मुळं वेगळी घेता का, गावचे मोठे नसले तर काय करता, आणि रविवारी कुठे असता. ज्याला या कामाची माहिती आणि आदर आहे तो तुम्हाला न थांबता सांगत सुटतो, आमच्या कप्तानासारखा. जो दोन शब्दांत सगळं होऊन जाईल म्हणतो त्याच्याकडे पैसे भरू नका, त्याच्यापेक्षा ती पिवळी बोट आणि एखादं साधं रिसॉर्ट बरं.

खर्चात सगळ्यात मोठा वाटा विमानाचा. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, मग सिंगापूर, मग नांदी, असं आम्ही गेलो, वेळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. चौघांत वाटला तर बोटीचा रेट चांगल्या रिसॉर्टच्या आसपासच येतो. हवा मे ते ऑक्टोबर कोरडी आणि वारा नियमित, म्हणजे आपल्याकडे घराबाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा तिथे मस्त असतं, शाळेच्या सुट्टीतही बसतं. दिवाळीनंतरच्या सुट्टीत मात्र नका बघू, नोव्हेंबर ते एप्रिल सायक्लोनचा हंगाम, २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन आलं होतं तेव्हा फिजीत किती घरं गेली ते तिथले लोक अजून सांगतात. जून-जुलैच्या चांगल्या कप्तानांच्या बोटी लवकर भरतात, म्हणून संक्रांतीच्या आसपास फोनाफोनी सुरू करा.